खाते : एलिजा किहीमकर

तापकीर गल्लीत माझं दुकान, सव्वाशे चौरस फूट.
त्याचा अँप्लिफायर पहिल्यांदा आला तो हातगाडीवरून,
बहात्तरच्या मार्चात,
अंगावर गोणपाट, ससूनला आणलेल्या पेशंटसारखा.
म्हणाला, कुजबुजतोय हो हा,
मला ओरडणारा पाहिजे.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टर्नर होता तो.
बँडही तिथलाच. ड्रमला पॅकिंगमधला मुदलियार,
गिटारला फायरब्रिगेडचा ऑस्टिन रणभिसे.
नाव ठेवलं नाइट शिफ्ट,
कारण रात्रपाळी बुडवल्याशिवाय तालीम व्हायची नाही.

इंग्रजी मला तेव्हा बिलापुरतं यायचं.
तो काय गातो कळलं नाही, आजही कळत नाही.
पण मीटरचा काटा मला वाचता येतो.
वरच्या सुराला काटा तांबड्यात जायचा
आणि तिथंच थरथरत राहायचा,
पुलाच्या चढाला सीटवरून उठून
पेडल मारणाऱ्या पोरासारखा.
आता पडेल म्हणावं, तर पडायचा नाही.

हॉटेलातले नाच शुक्रवारी असत.
रास्ता पेठेत त्याच्या घरी शुक्रवारी सांजेला
तेलाचे दिवे लागत, आणि शब्बाथ सुरू होई.
बाप ओरडला नाही.
त्या वारी त्याचं ताट मांडायचं फक्त सोडलं.

मग थोरला भाऊ अश्दोदला गेला. आईबापही निघाले.
एलिजाचंही तिकीट निघालं होतं.
त्या आठवड्यात अँप्लिफायर माझ्याकडे
पोट फाडून पडलेला,
ट्रान्सफॉर्मर मुंबईहून यायचा होता.
याला असा उघडा टाकून कसा जाऊ, म्हणाला.
हे काही खरं कारण नसणार.
तरी ट्रान्सफॉर्मर मंगळवारीच आला होता
आणि मी शुक्रवारपर्यंत आला नाही म्हटलं,
हे मी कुणाला बोललेलो नाही.
बायकोलाही नाही.

पुढचं थोडक्यात.
एक तबकडी निघाली, चार गाणी, पाचशे प्रती,
त्यातल्या साडेतीनशे मुदलियारच्या कॉटखाली.
एम्प्रेस गार्डनला एकदा तीन हजार माणूस,
पोरी भिंतीवर चढलेल्या, मी केबलपाशी बसलेलो.
मग डिस्को आला. मग ऑस्टिनचा हात मशीनमध्ये गेला.
मग एलिजा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात,
निळा कोट, हिंदी गाणी,
जेवणं सुरू झाली की कुणी ऐकत नसे.
दर गणपतीला माईक साफ करायला आणायचा.
जाळी उघडली की आत विडीचा वास
आणि जेष्ठमधाचा एखादा धागा.
तो धागा मी चिमट्याने काढून
त्याला दाखवायचो, तो लाजायचा.

दोन हजार सहात गळ्यात गाठ.
ऑपरेशननंतर आला, मफलर गुंडाळून,
आणि बोलला ते मला दोनदा विचारावं लागलं.
पहिल्या दिवशीचं त्याचं वाक्य
मला आठवत होतं, त्यालाही आठवत असणार.
तो विनोद त्याने केला नाही.
मी वाट बघत होतो.

हातात स्टीलचा डबा. मलिदा.
पोहे, ओलं खोबरं, गूळ, खजुराचे तुकडे.
एलियाहू नबीचा नवस फेडला म्हणे.
नवस कसला, मी विचारलं.
त्याने बोट गळ्याकडे नेलं, मग खांदे उडवले.
वेलदोडा जरा जास्त होता.

खाऊन झाल्यावर मी त्याचा जुना डबडा चालू केला.
व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं, तेवढं दोघं गप्प.
कोपऱ्यात हळूहळू नारिंगी उजेड.
माईक पुढे केला, तर त्याने हॅलो म्हटलं नाही,
चेकही नाही.
नुसता श्वास सोडला, लांब.

काटा हलला.
दोन. अडीच.
मग लाइट गेली. गुरुवार होता.